आकाशातून उतरणारे ओझे



लष्करी विमानातून अवजड सामान टाकण्याच्या विषयावर कामगार चळवळीतल्या माणसाने काय बोलावे, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. मी वैमानिक नव्हे, आणि पदार्थविज्ञान शिकलो ते रात्री कंदिलापाशी, उसन्या पुस्तकांतून. पण ओझे बांधणे, उचलणे, उतरवणे हा माझ्या माणसांचा धंदा आहे, आणि विमानातून माल टाकणे ही अखेर हमालीच आहे. तिथे यारी नसते, हवाई छत्री असते, इतकेच.

प्रथम हे काम चालते कसे ते पाहू. जीप किंवा तोफ एका मजबूत सपाट पाटावर पट्ट्यांनी करकचून बांधतात. खाली मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरे असलेल्या पुठ्ठ्याचे थर घालतात; आदळताना ते चुरडतात आणि धक्का आपल्या पोटात घेतात. विमानाच्या मागच्या दारातून एक लहान छत्री वाऱ्यावर सोडली, की ती सारे ओझे बाहेर खेचते. मग मोठ्या छत्र्या उघडतात. ओझे जमिनीला टेकताच त्या आपोआप सुटायला हव्यात, नाही तर वारा गाडी फरफटत नेईल. पण त्याच हवेत सुटल्या तर?

त्याआधीचाही एक धोका आहे. कित्येक टनांचे ओझे दाराकडे सरकू लागले, की विमानाचा तोल बदलतो. ते मध्येच अडकले आणि छत्री बाहेर फुगलेली राहिली, तर ती विमानालाच मागे ओढते. म्हणून ती तोडून टाकण्याची सोय ठेवावी लागते.

आता हिशेब करा. छत्र्यांखाली ओझे सेकंदाला साधारण 8 ते 9 मीटर वेगाने उतरते. छत्रीविना 300 मीटरवरून पडले, तर हवेचा रोध सोडून तो वेग सुमारे 77 मीटर होतो. वेग नऊपट झाला म्हणून आघात नऊपट होत नाही. तो ऐंशीपट होतो. पुठ्ठा तिथे काय करणार!

एप्रिल 2016 मध्ये जर्मनीत होहेनफेल्स येथे अमेरिकन सैन्याच्या सरावात हेच घडले. तीन हमव्ही गाड्या छत्र्यांपासून हवेतच सुटल्या आणि जमिनीवर आदळून त्यांचा चेंदामेंदा झाला. त्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली; तीत कोणी हसतानाही ऐकू येते. माणूस कोणी दगावला नाही. पुढे 2018 मध्ये लष्करी न्यायालयाने एका सार्जंटला सरकारी मालमत्ता हेतुपुरस्सर नष्ट केल्याबद्दल आणि खोटे सांगितल्याबद्दल दोषी ठरवले. मी त्याची वकिली करायला उभा नाही. जाणूनबुजून दगा करणाऱ्याला कामगारांतही थारा नसावा. पण मला दुसरे विचारायचे आहे. बांधणाऱ्याच्या मागून दुसऱ्याने प्रत्येक गाठ, प्रत्येक कडी तपासावी, तरच माल विमानात चढावा, असा या कामाचा दंडक आहे. मग एका हाताचे काम तीन गाड्यांवर कोणाच्याच नजरेस कसे पडले नाही? शिक्षा एकाला झाली; तपासणीला किती वेळ आणि किती माणसे दिली होती, हे कोणी विचारायचे?

पॅराशूट घडी घालणाऱ्या अमेरिकन सैनिकांत एक जुना नियम आहे: आपण घडी केलेली छत्री बांधून स्वतः उडी मारायची तयारी हवी. मला तो फार आवडतो. पण गाडीबरोबर कोणी उडी मारत नाही. तिथे चुकीची किंमत खालचा माणूस देतो.

आणि तो खालचा माणूस नेहमी सैनिकच असतो असे नाही. 8 मार्च 2024 रोजी गाझात शाती छावणीजवळ विमानांतून अन्नाचे गठ्ठे टाकले गेले. एका गठ्ठ्याची छत्री नीट उघडली नाही, आणि खाली वाट पाहणारे निदान पाच जण ठार झाले. सरावाच्या मैदानावरून माणसे दूर ठेवता येतात. भुकेलेला माणूस मात्र छत्री दिसली की तिच्याकडेच धावतो. अमेरिका आणि जॉर्डन, दोघांनीही तो माल आपल्या विमानांतला नव्हता असे सांगितले.

आपल्याकडेही आग्र्याच्या संशोधन संस्थेने 7 टनांपर्यंतचे ओझे उतरवणारी सामग्री बनवली आहे, आणि कानपूरच्या कारखान्यात कामगार छत्र्या शिवतात. त्यांच्या शिलाईवर, आणि ती तपासणाऱ्याला मिळणाऱ्या वेळेवर, खालच्या माणसांचे जीव अवलंबून आहेत.