पुनर्विकासाची परीक्षा तळमजल्यावर



मुंबई, ठाणे, पुणे इथल्या जुन्या इमारतींत पुनर्विकासाचा विषय निघाला नाही असा आठवडा जात नाही. कार्पेट किती मिळणार, भाडे किती, कॉर्पस किती, ताबा कधी, हे प्रश्न आता सगळ्यांना पाठ आहेत. मला आज या यादीत सहसा नसलेला एक प्रश्न मांडायचा आहे. नव्या इमारतीचा तळमजला रस्त्याशी कसा जोडला जाणार? वस्ती टिकणार की विरणार, हे बव्हंशी त्याच्यावर ठरते असे माझे मत आहे. त्यासाठी मी भेंडी बाजाराचे उदाहरण घेतो, कारण एक अख्खी मिश्र वस्ती एकत्रितपणे नव्याने उभारण्याचा एवढा मोठा प्रयत्न या शहरात क्वचितच झाला आहे.

महंमद अली रोडलगतची ही वस्ती बंदरावर आणि बाजारात काम करणाऱ्यांची. एकट्या पुरुषांसाठी बांधलेल्या खोल्यांत पुढे कुटुंबे आली आणि त्यांच्या पिढ्या वाढल्या. खाली दुकान, वर बिऱ्हाड आणि मजल्याच्या टोकाला सामाईक संडास, अशी ही रचना. मुरादाबादकडून आलेल्या छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ या बंधूंची गायकी याच वस्तीच्या नावाने ओळखली गेली आणि आपल्या अंजनीबाई मालपेकर याच घराण्यात तयार झाल्या. व्यापार, निवास आणि विद्या एकाच गल्लीत नांदत होत्या.

मग या इमारती एवढ्या खंगल्या कशा? 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूला संरक्षण देणे योग्यच होते. पण ती तात्पुरती सोय कायमची झाली. भाड्यातून दुरुस्तीचा खर्च निघेना, तेव्हा मालकाने लक्ष काढून घेतले. 1969 मध्ये कायदा करून शासनाने उपकर लावला, दुरुस्ती मंडळ नेमले आणि टेकूंवर इमारती उभ्या ठेवल्या. त्यानंतर दुरुस्तीऐवजी जादा एफएसआयच्या, म्हणजे भूखंडावर जास्त बांधकाम करण्याच्या परवानगीच्या, आधारे पुनर्बांधणी करण्याचे धोरण आले. विकास नियंत्रण नियमावलीतले 33(9) हे कलम समूह विकासाचे आहे. एकेक इमारत पाडण्यापेक्षा अनेक भूखंड एकत्र करून रस्ते, गटारे आणि घरे एकदम आखावीत, हा त्यामागचा विचार आहे आणि तो विचार बरोबर आहे.

भेंडी बाजारात 2009 साली दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या पुढाकाराने सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन झाला. साधारण साडेसोळा एकर जमीन, सुमारे 250 इमारती, 3200 कुटुंबे आणि 1250 दुकाने असा या प्रकल्पाचा आवाका. रहिवाशांना स्वतंत्र शौचालयासह मालकी हक्काचे घर विनामूल्य मिळावे आणि खर्च विक्रीच्या घरांतून निघावा, अशी योजना आहे. पहिले दोन उत्तुंग मनोरे पूर्ण होऊन तिथे कुटुंबे परतली आहेत. मुंबईत संक्रमण शिबिरात गेलेल्या माणसाला आपल्याच मोहल्ल्यात परत येता येणे ही साधी गोष्ट नाही, आणि त्याचे श्रेय मोकळेपणाने दिले पाहिजे.

आता आकड्यांकडे बारकाईने पाहू. दर एकरी साधारण 190 कुटुंबे आणि 75 दुकाने, म्हणजे अडीच कुटुंबांमागे एक दुकान. एवढी दुकाने तिथल्या रहिवाशांच्या खरेदीवर चालूच शकत नाहीत. त्यांचे गिऱ्हाईक बाहेरून येते. लोखंडी सामान, कापड, अत्तर, मिठाई यांसाठी ते वाट वाकडी करून येते आणि एका दुकानाकडे जाताना दुसऱ्या चार दुकानांत डोकावते. दुकानदाराचे खरे भांडवल म्हणजे त्याच्या दारावरून जाणारा माणूस.

अशा बाजारातला एक जुना गाळा डोळ्यांसमोर आणा. आठ-दहा फूट रुंदी, आत पोटमाळ्यावर माल, पुढे फळी आणि फळीसमोर हातगाडीवाला. फळीवर बसून मालक एकाच वेळी गिऱ्हाईक, गाडीवाला आणि शाळेतून येणारे पोर यांच्यावर नजर ठेवतो. वरच्या खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली खाली येते, तिच्यात पाव पडतो आणि हिशेब महिनाअखेरीला होतो. रमझानमध्ये हाच रस्ता रात्रभर खाऊगल्ली होतो. अमेरिकन लेखिका जेन जेकब्स यांनी 1961 मध्ये न्यूयॉर्कच्या गल्ल्यांविषयी हेच मांडले होते. रस्त्याची राखण पोलिसापेक्षा तिथल्या दारा-खिडक्यांतली माणसे करतात. वापर मिश्र असले तर ही राखण दिवसभर चालते. जुन्या इमारतींतल्या कमी भाड्यावर छोटे धंदे तग धरतात, हेही त्यांनी सांगितले. पुनर्विकासात आपण नेमकी हीच स्वस्त जागा एका फटक्यात संपवतो.

2017 साली या शहराने महिन्याच्या आत दोन धक्के पाहिले. 31 ऑगस्टला भेंडी बाजारातल्या पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि 33 माणसे गेली. ही इमारत याच पुनर्विकास योजनेत होती. 29 सप्टेंबरला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन 23 जण गेले. पहिली दुर्घटना पुनर्विकास लांबण्याची किंमत सांगते. दुसरी दुर्घटना रस्ता, जिना आणि पदपथ यांचा हिशेब न करता केलेल्या पुनर्विकासाची किंमत सांगते. या स्थानकाभोवतीच्या गिरण्यांच्या जमिनीवर कचेऱ्या, मॉल आणि मनोरे आले. 1991 च्या नियमाप्रमाणे त्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी आणि एक तृतीयांश घरांसाठी मिळायचा होता. 2001 च्या दुरुस्तीने ती वाटणी फक्त गिरणीतल्या रिकाम्या जमिनीपुरती उरली. नकाशावर लोअर परळ मिश्र वापराचेच दिसते. प्रत्यक्षात एका आवारातून दुसऱ्या आवारात जाताना लांबच लांब भिंतीच्या कडेने चालावे लागते. पदपथ अरुंद आणि स्थानकाचे जिने अपुरे, तरी हजारो माणसांची रोजची भर त्यांच्यावर पडली. वापर मिसळले, पण त्यांना जोडणारा रस्ता कोणी आखला नाही.

आता आपल्या इमारतींकडे वळू. पुनर्विकासात तळमजला बहुधा गाड्यांना जातो. वर पोडियमचे तीन-चार मजले, त्यावर बाग आणि मग घरे. नव्या घरात उजेड, स्वच्छता, लिफ्ट मिळते आणि ती हक्काने मिळायलाच हवी. पण रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसते ती वाहनतळाची जाळी, सरकते गेट आणि पहारेकरी. दुकाने ठेवली तरी ती आतल्या चौकात किंवा दुसऱ्या मजल्यावर सरकतात, म्हणजे येता-जाता डोकावणारे गिऱ्हाईक तुटते. अग्निशमनाची गाडी फिरावी म्हणून रस्ता रुंद करणे आवश्यकच आहे. मात्र वाढलेली रुंदी उभ्या गाड्यांनी व्यापली तर तिचा ना सुरक्षेला उपयोग, ना चालणाऱ्याला.

स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी शंभर वर्षांपूर्वी भारतातल्या शहरांना एक वेगळी वाट दाखवली होती. 1919 मध्ये मुंबई विद्यापीठातल्या समाजशास्त्र विभागाची धुरा त्यांच्याकडे आली. आधी गल्लीबोळ पायी फिरून पाहावे, अगदी मोडकळीला आलेले तेवढेच काढावे आणि मोकळ्या झालेल्या जागेत हवा, झाड, चौक आणावा, असा त्यांचा आग्रह होता. याउलट, प्लेगनंतर 1898 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार ट्रस्टने सुरुवातीच्या काळात घरे बांधण्याआधी पाडली, तेव्हा विस्थापित माणसे शेजारच्या चाळींत दाटली आणि गर्दीचा प्रश्न पुढच्या गल्लीत गेला. भेंडी बाजारातल्या बहुतेक इमारती आज वाचवण्यापलीकडे गेल्या आहेत हे मी मान्य करतो. तरीही गेडिस यांची पहिली पायरी, म्हणजे आधी पायी फिरून पाहण्याची, आपल्याला सोडता येणार नाही.

म्हणून आपल्याला चार गोष्टी सुचवतो. बिल्डर आराखडा घेऊन सोसायटीत येईल, तेव्हा आपल्या फ्लॅटच्या आधी तळमजल्याचा नकाशा मागा. रस्त्याकडेच्या लांबीपैकी किती लांबीत दुकाने, दारे आणि खिडक्या आहेत आणि किती लांबीत नुसती भिंत, ते फुटांत मोजून घ्या. आपला वाणी, शिंपी, इस्त्रीवाला यांना गाळा कुठे आणि कोणत्या अटीवर मिळणार, हे करारात लिहून घ्या. आणि तीस-चाळीस मजल्यांच्या लिफ्टचा, पंपांचा, आगप्रतिबंधक यंत्रणेचा महिन्याचा खर्च आज विचारा, कारण तो परवडला नाही तर मिळालेले घर विकून लांब जावे लागेल.

महापालिकेकडे आपली मागणी याहून मोठी असली पाहिजे. समूह विकासाला जादा एफएसआय देताना रस्त्याकडची किमान किती लांबी खुली आणि वापरती असावी, हे नियमात यायला हवे. आज प्रत्येक चौरस फुटाचा हिशेब आहे आणि पदपथाचा मात्र नाही. हा नियम आपण, म्हणजे ज्यांच्या सह्यांशिवाय पुनर्विकास पुढे सरकत नाही त्या रहिवाशांनी, मागितल्याशिवाय येणार नाही. सही करण्याआधीचे ते काही महिने रहिवाशाच्या हाती खरी सत्ता असते. ती केवळ पन्नास चौरस फूट जास्त मिळवण्यात खर्च करू नका. आपल्या दारापुढच्या रस्त्यासाठीही वापरा.