आधी आंबवणी

वरूडच्या संत्रावाल्यांना ताण म्हणजे काय, हे मी सांगायला नको. आंबिया बहरासाठी आपण झाडाचं ओलीत बंद करतो. हलक्या जमिनीतलं झाड लवकर ताणावर येतं, भारी जमिनीतलं उशिरा. म्हणून ताण तोडायचा तो पान बघून. तेव्हाही मोकाट पाणी सोडत नाही. आधी हलकी आंबवणी, मग तीन-चार दिवसांनी चिंबवणी.

माणसाचा ताण तोडायला मात्र आपण पहिल्याच दिवशी पाट फोडतो. "भाऊ, कर्ज तं सगळ्यायलेच हाये, मनावर नोको घेऊ!" तो गप्प होतो आणि आपल्याला वाटतं, पटलं त्याला.

समुपदेशनातली समानुभूती म्हणजे ही आंबवणी. कीव नव्हे, सल्लाही नव्हे. समजा, समुपदेशकानं विचारलं, "म्हंजे रातभर झोप येत नाई, असंच ना?" समोरचा म्हणतो, "झोप येते जी. सकाळी उठूच नाई वाटत." अंदाज चुकला, पण विचारलं म्हणून खरं बाहेर आलं. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी 1957 साली उपचाराच्या अटी मांडल्या. त्यातली एक अशी की, ही समज समोरच्यापर्यंत थोडी तरी पोचली पाहिजे. पुन्हा सांगते, कारण इथंच आपण चुकतो. तुम्हाला समजलं, एवढ्यानं भागत नाही. तुम्हाला समजलं, हे त्याला कळलं पाहिजे. विहीर भरलेली असेल हो, पण आळ्यात पाणी उतरलं का?

आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत मानसिक आरोग्याचा 'विश्राम' प्रकल्प झाला. गावपातळीवरचे कार्यकर्ते तयार केले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी 4.3 टक्के होते, नंतर 27.2 टक्के झाले. श्रेय एकट्या समानुभूतीचं नाही, डॉक्टर आणि औषधंही होती. पण तिथवर जायला आधी कुणाजवळ तरी बोलावं लागतं.

बायांबद्दल बोलायचं राहिलंच. धनी गेल्यावर जो तो तिला कर्जाचे कागद विचारतो, पण तिला स्वतःला... वेळ संपत आली, ते पुढच्या खेपेला.

एक मात्र आत्ताच सांगते. जीव देण्याची भाषा कुणी केली, तर तिथं तीन-चार दिवसांचा हिशेब लावू नका. त्याला एकटं सोडू नका, दवाखान्यात न्या. मानसिक आरोग्याच्या टेलिमानस मदतवाहिनीचा नंबर 14416. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. लिहून घ्या, एक चार चार एक सहा.