गंगा हद्द ओलांडते तिथं

त्र्यंबकेश्वरापासून गोदावरीच्या काठाकाठानं चाललेल्या आमच्या प्रवासाचा तो शेवटचा दिवस. गाडीत मी आणि वडील, दोघंच. अण्णांची सारी हयात गंगाखेडजवळ शेती करण्यात गेली. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. 'गंगा आपल्या मुलखातून बाहेर कुठं पडते, ते एकदा पाहायचं हाय,' एवढंच त्यांचं मागणं होतं.

सकाळी नांदेड सोडलं. मुदखेड, उमरी मागं पडली. ऑक्टोबर सरत आलेला. काळ्या रानात सोयाबीनच्या गंजी, मधूनच फुटलेला पांढरा कापूस. मिरचीच्या बाजारपेठेचं धर्माबाद आलं. टपरीवर चहा पिताना एकाच वाक्यात मराठी अन् तेलुगू ऐकू येत होती.

तिथून बाभळीचा बंधारा गाठला. चौदाही दरवाजे वर उचललेले, खालून नदी वाहत होती. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार ते १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. साठवण २.७४ टीएमसीची, त्यातलंही ०.६ टीएमसी १ मार्चला तेलंगणासाठी सोडायचं.

अण्णा चिडले. 'पुराचं पाणी जाऊ द्यायचं अन् पाऊस सरल्यावर दारं लावायची. मग साठायचं काय, ढेकळं?'

या काठच्या शेतकऱ्यांचं गाऱ्हाणं नेमकं हेच आहे.

पुढं तेलंगणातलं बासर. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख एकाच हैदराबाद राज्यातला. हद्द नंतर आली. सरस्वतीचं दर्शन घेऊन घाटावर बसलो. शेजारी एक वृद्ध शेतकरी होते. बंधाऱ्याचा विषय निघताच मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाले, 'तुम्ही वरचे. तुम्ही अडवलं तर आम्ही कुठं जायचं?'

अण्णा गप्प झाले. मला पैठण आठवलं. नाथसागराच्या काठावर उभं राहून नाशिक-नगरकडे हात करत अण्णा म्हणाले होते, 'वरच्यांनी सोडलं तर आपलं, न्हाई तर बोंब.'

परतताना बराच वेळ ते बोलले नाहीत. उमरी आल्यावर म्हणाले, 'आपण नाशिकवाल्यांला जे म्हणतो, तेच ह्यो आपल्याला म्हणला.'

'मग खरं कुणाचं, अण्णा?'

'दोघांचं बी. म्हणून तर मोजून वाटावं लागतं.'

बाभळीचं गाऱ्हाणं त्यांनी अजून सोडलेलं नाही. पण पारावर ते सांगताना बासरच्या त्या शेतकऱ्याचंही म्हणणं सांगतात, आणि मगच आपलं पुढं नेतात.