दुसरी पदव्युत्तर पदवी

सुरत शहराच्या गोडादरा भागात खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची वस्ती मोठी आहे. पुष्कळ घरांत वडील यंत्रमागावर बारा तासांची पाळी करतात आणि त्यांचे अपत्य घराण्यातील पहिलेच पदवीधर असते. अशा घरात कोणी एम. ए. झाला आणि वर्ष-दोन वर्षे मनाजोगती नोकरी लाभली नाही, की एक विचार बळावतो : आणखी एका विषयात एम. ए. करावे काय?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विद्यार्थिजीवन या बाबतीत उद्बोधक आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली अमेरिकेस गेले व १९१५ साली कोलंबिया विद्यापीठाचे एम. ए. झाले. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी पैसा साठविला, शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, आणि १९२१ साली लंडनची एम. एस्सी. मिळविली. पहिल्या पदवीसाठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व अर्थव्यवहार अभ्यासिला; दुसरीसाठी ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेचे विकेंद्रीकरण; आणि १९२३ सालच्या डी. एस्सी.साठी रुपयाचा प्रश्न. पदव्या अनेक, परंतु शोध एकच. १९२५ साली चलनविषयक शाही आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, तेव्हा हीच विद्या कामी आली.

याउलट नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार. सुमारे वीस पदव्या त्यांच्या नावावर सांगितल्या जातात. त्यांत अनेक विषयांतील एम. ए. आहेत. तेथे प्रेरणा होती ती ज्ञानलालसेची. मात्र वैद्यकीची पदवी आधीच पदरात होती आणि १९८० साली ते विधानसभेवर निवडूनही आले होते. उदरनिर्वाहाची चिंता पदवीवर टाकलेली नव्हती, हे विसरता कामा नये.

गोडादऱ्यातील तरुणाची स्थिती निराळी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्यास मुभा दिली. दूरशिक्षणाची सोयही आहे. वाट सुलभ झाली, म्हणूनच विवेक अधिक हवा. महाविद्यालयात ज्या विषयाचे अध्यापन करावयाचे, त्या वा त्याच्याशी संलग्न विषयाची पदव्युत्तर पदवी लागते. म्हणून विषय बदलू इच्छिणाऱ्यास दुसरी पदवी बहुधा आवश्यक ठरते. परंतु लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेस साधी पदवी पुरते. तेथे दुसरे एम. ए. पात्रतेत काहीच भर घालीत नाही. ज्याला हिशेबनिसाची वा संगणकाची नोकरी हवी, त्याला त्या कामाचे अल्पमुदतीचे शिक्षण अधिक उपयोगी पडेल.

सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे बेकारी झाकण्यासाठी घेतलेली पदवी. ‘अजून शिकतो आहे’ हे उत्तर शेजाऱ्यांपुढे दोन वर्षे शोभते. परंतु तेवढा काळ वडिलांची रात्रपाळी चालूच राहते, धाकट्या बहिणीची फी अडते. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी घरात बसून मोकळेपणाने बोलावे : या पदवीने कोणते दार उघडेल, खर्च कोण सोसणार, आणि शिकता शिकता काही मिळकत होईल काय? या तीन प्रश्नांना समाधानकारक उत्तरे मिळाली, तर दुसरी पदवी अवश्य घ्यावी. न मिळाली, तर पहिल्याच पदवीला काम द्यावे. ज्ञानाची भूक उरलीच, तर ग्रंथालयाचे दार कोणत्याही वयात उघडेच आहे.