साधी प्रार्थना आणि ‘आम्हांस’ हा शब्द
(महोत्सवी मिस्सेनंतर केलेलें भाषण)



“फादर, आम्हांला तुमच्यासारखी प्रार्थना म्हणतां येत नाहीं,” अशी तक्रार नांदेडकडच्या वस्त्यांत व लातूरकडच्या खेड्यांत मीं पुष्कळदां ऐकली आहे. सेमिनरींत आम्हांस प्रार्थनेचे प्रकार व पायऱ्या शिकविल्या जातात; त्यांचा उपयोग आहेच. परंतु ज्या जकातदाराची प्रार्थना मान्य झाली असें प्रभूनें सांगितलें, त्यास यांतलें कांहींही ठाऊक नव्हतें. दूर उभा राहून, छाती बडवून त्यानें एक वाक्य उच्चारलें आणि तो घरीं गेला.

भाषेचाही संकोच नको. फादर स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ सालीं गोव्यास आले आणि त्यांनीं मराठींत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचिलें. तें १६१६ सालीं छापून निघालें. परदेशी मनुष्यास जी भाषा ख्रिस्तचरितास योग्य वाटली, ती बोलावयास आपण देवापुढें कां लाजावें?

कांहीं शिकलेले तरुण विचारतात, देवास सर्व ठाऊक असतां मागावें कशाला? बापास ठाऊक असतें, तरी लेकरूं मागतें. मागावयाचें सोडून दिलेल्या लेकराचीच बापास अधिक काळजी वाटते.

मात्र थोड्या शब्दांनीं प्रार्थना खरी होते असें नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपांत दगडमातीचीं घरें झोपलेल्या माणसांवर कोसळलीं. हजारों जीव गेले. त्या अंधारांत पाठ केलेली प्रार्थना कोणास आठवली असेल? हांक तेवढी उरली, आणि ती देवास पोंचली असें मी मानतों. दुष्काळाची गोष्ट निराळी. संकट रोजचें झालें म्हणजे प्रार्थनेची खरी परीक्षा होते. २०१६ सालच्या मार्चांत लातूर शहरीं पाण्याच्या ठिकाणीं पांचांहून अधिक माणसांनीं जमूं नये, असा मनाई हुकूम निघाला. भांडणांचें भय होतें. एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आलें, पहिल्या खेपेस सुमारें पांच लक्ष लिटर. रांगेंत उभें राहून “देवा, पाणी दे” म्हणणाऱ्यांपैकीं कितीकांनीं मनांत “आधीं मला” असें जोडलें असेल! प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत भाकर मागतांना ‘मला’ हा शब्दच नाहीं, ‘आम्हांस’ आहे. त्या ‘आम्हांस’ मध्यें मागें उभी असलेली शेजारीणही येते, मग तिची आपली बोलाचाल नसो. तिचा हंडा पुढें घेतल्याविना ती प्रार्थना अर्धीच राहते. हें जपमाळेच्या पन्नास मण्यांहून कठीण आहे, आणि म्हणूनच पुष्कळ भाविक माणसें मण्यांपाशीं थांबतात.

आज रात्रीं घरीं जपमाळ संपली म्हणजे लगेच उठूं नका. दोन मिनिटें दिवा तसाच ठेवा आणि घरांतील सर्वांत लहान मुलास त्याच्या शब्दांत बोलूं द्या. त्यानें आजारी शेळीसाठीं कांहीं मागितलें, तर कोणीं हंसूं नये.