नावाचे खरेदीखत



कुंभिवलीच्या परिसरात जमिनीचे व्यवहार कोणाला नवे नाहीत. खरेदीखत कशाला म्हणतात आणि भाडेपट्टा कशाला, हे येथील शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. आज मी ज्या मालमत्तेविषयी बोलणार आहे, तिला मात्र बांध नाही की गट नंबर नाही. ती म्हणजे मालाचे नाव.

आपल्या खालापूर तालुक्यातच, पाताळगंगेला, कॅम्लिनचा कारखाना आहे. दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईचा धंदा काढला. आधी घोडा छाप, मग कॅमल इंक आणि त्यातून 'कॅम्लिन'. २०११ साली जपानच्या कोकुयो कंपनीने या कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग घेतले. मालक बदलला, कंपासपेटीवरचे नाव राहिले. कारण त्या नावावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांचा विश्वास होता आणि तो नव्याने उभा करायला पुन्हा तितकीच वर्षे लागली असती.

तेथे कंपनीबरोबर नाव गेले. पण नुसते नावही विकता येते. १९९३ साली रमेश चौहान यांच्या पार्ले समूहाने थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा ही नावे कोकाकोलाला विकली. थम्स अप आजही खपते. गोल्ड स्पॉट पुढे बाजारातून गेले. विकलेल्या शेतात नवा मालक भात लावो की ते पडीक ठेवो, जुन्या मालकाला विचारतो कोण? शिवाय हद्दीचा प्रश्न असतोच. 'माझा'चे हक्क भारतापुरते विकलेले होते. २००८ साली विकणाऱ्या पक्षाने ते नाव तुर्कस्तानात नोंदवण्याचा अर्ज केला आणि वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला.

दुसरी वाट परवान्याची. मालकी आपल्याकडे ठेवून, ठरावीक मुदतीसाठी, ठरलेला मोबदला घेऊन दुसऱ्याला नाव वापरू द्यायचे. मात्र मालाच्या दर्जावर मालकाची नजर हवी. एकदा लोकांच्या मनातून उतरलेले नाव मुदत संपल्यावर परत मिळून काय उपयोग?

आपल्या भगिनी पापड, कुरडया, लोणची करतात. त्यांनी आपल्या मालाचे नाव वेळीच नोंदवावे. १९९९ च्या कायद्याप्रमाणे ही नोंदणी दहा वर्षे टिकते आणि पुढे पुन्हा वाढवता येते. उद्या एखादी मोठी कंपनी दारी आली, तर आनंदाने चहा पाजावा; पण सही करण्यापूर्वी एवढे विचारावे: हा कागद भाडेपट्ट्याचा, की खरेदीखताचा? पापड विकला तर दुसरा लाटता येतो. नाव विकले, तर आपल्याच नावाने बाजारात बसण्याची चोरी!