आधी मूल, मग पुस्तक



व्याख्यानमालेचे चिटणीस निमंत्रण घेऊन आले तेव्हा म्हणाले, "विषय तुमच्या पसंतीचा घ्या." किमान वेतन किंवा कंत्राटी कामगार यांवर मी बोलेन अशी त्यांची अटकळ असावी. शिक्षक होऊ पाहणाऱ्यांनी मुलाचा अभ्यास कसा करावा, हा विषय मी सांगितला तेव्हा ते जरा चमकले. त्यांचे चमकणे योग्यच होते. मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. पुढचे सारे शिक्षण गावच्या वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. परंतु ज्याची शाळा सुटली त्याला शाळेत काय कमी होते हे ठाऊक असते, एवढ्या अधिकारावर मी आज उभा आहे.

निमित्त घडले ते माझ्या भाचीचे. ती शिक्षिका होण्यासाठी शिकत आहे. शिक्षक पात्रता परीक्षेत १५० पैकी ३० गुण बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र या विषयाला असतात, म्हणून ती रोज पहाटे मोठ्याने पाठ करीत असे : जन्मापासून दोन वर्षांपर्यंत संवेदन-कारक अवस्था, सातपर्यंत पूर्व-क्रियात्मक, अकरापर्यंत मूर्त क्रियात्मक आणि त्यापुढे औपचारिक क्रियात्मक. स्विस शास्त्रज्ञ झाँ पियाजे यांची ही मांडणी. मी विचारले, "हे तू कधी डोळ्यांनी पाहिलेस का गं?" ती म्हणाली, "मामा, हे पाहायचे नसते, लिहायचे असते."

मग आम्ही पाहायचे ठरविले. शेजारचा पाच वर्षांचा मुलगा आणि त्याची आठ वर्षांची बहीण यांना बोलावले. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी भरले. "सारखे आहे?" "हो." एका पेल्यातले पाणी त्याच्यादेखत एका उंच, अरुंद बाटलीत ओतले. "आता?" मुलगा म्हणाला, "बाटलीत जास्त!" पुन्हा पेल्यात ओतले तर म्हणाला, "आता सारखे." पुन्हा बाटलीत ओतले, पुन्हा जास्त. भाची त्याला समजावू लागली, "अरे, तेच पाणी आहे ना?" त्याने मान डोलावली, उत्तर मात्र बदलले नाही. तेव्हा त्याची बहीण हसून म्हणाली, "परत ओत ना, सारखेच होईल!"

भाची स्तब्ध झाली. वर्षभर पाठ केलेल्या दोन अवस्था आमच्या ओट्याशी दोन मुलांच्या रूपाने उभ्या होत्या.

पियाजे यांना ही वाट कशी सापडली तेही ऐकण्यासारखे आहे. १९२० च्या सुमारास पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर ते काम करीत होते. बरोबर उत्तरे मोजणे एवढेच काम होते. पण त्यांचे लक्ष चुकीच्या उत्तरांकडे गेले. एकाच वयाची मुले एकाच तऱ्हेने चुकतात, म्हणजे त्या चुकीमागे काही विचार आहे, हे त्यांनी ओळखले. आमच्या कारखान्यात यंत्र वेगळा आवाज करू लागले की चांगला फिटर त्याला लाथ मारीत नाही, कान लावतो. शिक्षकाच्या धंद्यातही मुलाची चूक हा तो आवाज आहे. "चूक" असा शेरा मारून पुढे जाणे सोपे आहे, "तुला असे का वाटले?" हे विचारणे हीच खरी कारागिरी.

आता माझी गोष्ट सांगतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. मी तेरा वर्षांचा. काही महिन्यांतच आई भाजी विकू लागली. पहाटे तिच्याबरोबर टोपली घेऊन जायचे, दहापर्यंत हिशेब सांभाळायचा आणि मग शाळा. वर्गात डोळा लागे. एकदा गणिताच्या तासाला शेकडेवारीचे उदाहरण मला फळ्यावर सोडविता आले नाही. मास्तर साऱ्या वर्गादेखत म्हणाले, "तू मठ्ठ आहेस," आणि मला शेवटच्या बाकावर बसविले. त्याच सकाळी मी सव्वा किलो वांगी, पाऊण किलो टोमॅटो आणि दोन जुड्या मेथी यांचा हिशेब तोंडी करून सुटे पैसे परत दिले होते.

पुष्कळ वर्षांनी मला कळले की हे माझ्या एकट्याचे नव्हते. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. बाजारात ही मुले जवळजवळ एकही हिशेब चुकली नाहीत. तेच आकडे कागदावर उदाहरण म्हणून दिले तेव्हा निम्मीही उत्तरे बरोबर आली नाहीत. २०२५ साली कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतील मुलांविषयीही असाच निष्कर्ष पुढे आला. मुलाला येत नाही आणि मुलाला शाळेच्या भाषेत येत नाही, या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

एरिक एरिक्सन यांनी १९५० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात लिहिले आहे की किशोरवयाचा मुख्य प्रश्न "मी कोण?" हा असतो. त्या वयात सोबत्यांसमोर झालेला अपमान मोठ्यांना वाटतो त्याहून फार खोल जातो. "मी कोण?" याचे उत्तर मला तेराव्या वर्षी एका शब्दात मिळाले, आणि वार्षिक परीक्षेनंतर मी शाळेची पायरी चढलो नाही. पुढे युनियनमध्ये पगारपत्रके तपासू लागलो तेव्हा कुठे त्या शब्दाचे ओझे उतरले. त्या मास्तरांवर माझा राग नाही. वर्गात साठ मुले होती, आणि पेंगणाऱ्या मुलाला "घरी काय चालले आहे?" असे विचारावे, हे त्यांना कोणी शिकविले नसावे.

तथापि एक इशारा देतो. अवस्थांची नावे म्हणजे पंचांग नव्हे. सातवा वाढदिवस झाला की मूल दुसऱ्या खोलीत गेले, असे होत नाही. मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७८ साली दाखवून दिले की प्रश्न मुलाला समजेल अशा प्रसंगात घालून विचारला, तर पुष्कळ लहान मुलेही बरोबर विचार करतात. पुस्तक वाचून "हे याला झेपायचे नाही" असा शिक्का मारणारा शिक्षक, "मठ्ठ" म्हणणाऱ्या मास्तरांच्या फार पुढे गेला असे मी म्हणणार नाही.

ज्यांनी हे शास्त्र खरोखर वापरले, ते मुलाकडे गेले. मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह १९०७ च्या जानेवारीत रोमच्या सान लोरेन्झो या कामगारवस्तीत उघडले. आईबाप कामावर गेल्यावर मुले चाळीच्या भिंती खराब करतात, अशी मालकांची तक्रार होती. त्यातून ती जागा मिळाली. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला काम आरंभिले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात नेली; गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात नेली. मूल का येत नाही, याचे उत्तर त्यांनी मुलाच्या आळसात शोधले नाही, त्याच्या दिवसाच्या कामात शोधले.

आणि आता एक गोष्ट मी संघटनेचा माणूस म्हणून बोलणार. १९७५ सालच्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी देशभर नेली. पण तीन ते सहा वर्षांच्या मुलांना सांभाळणाऱ्या सेविकेला आपण वेतन देत नाही, "मानधन" देतो. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक ठरविला. साठ मुलांत कोण का पेंगते आहे हे कोणताही शास्त्रज्ञ सांगू शकणार नाही. तेव्हा शिक्षकाने मुलाचा अभ्यास करावा हे खरे, आणि तो करता यावा एवढी सवड त्याला मिळते की नाही हे आपण नागरिकांनी पाहावे, हेही तितकेच खरे.

या सभेत अध्यापनाचा अभ्यास करणारे तरुण पुष्कळ दिसतात. त्यांना माझी एक विनंती आहे. पुस्तक अवश्य पाठ करा, नोकरी मिळवायची आहे. पण एक कोरी वही घ्या. एकच मूल निवडा आणि वर्षभर त्याच्याविषयी लिहा : काय विचारते, कशात चुकते, कशाने गप्प होते, सकाळी शाळेत येण्याआधी काय करून येते. अनुमान लिहू नका, पाहिलेले लिहा.

माझ्या भाचीने अशी वही सुरू केली आहे. परवा तिने मला पहिले पान वाचून दाखविले. "शेजारचा मुलगा, वय पाच. बाटलीत पाणी जास्त म्हणाला. मी समजावले, त्याने ऐकून घेतले, पण त्याला पटले नाही. चूक माझी. मी आधी विचारायला हवे होते."

माझ्या मास्तरांच्या हाती अशी एक वही असती तर! असो.